उतारा आणि चार पर्याय

ज्या घरात अकरावी-बारावीचे मूल आहे त्या घरातील पुस्तकांचे कपाट पाहण्याचा योग आला म्हणजे माझ्यासारख्या जुन्या मास्तराच्या नजरेस एक गोष्ट प्रथम येते. आजोबांच्या वेळची ज्ञानेश्वरी, वडिलांनी हौसेने घेतलेल्या कादंबऱ्या, लग्नात आहेर म्हणून आलेले ग्रंथ ही सर्व मंडळी वरच्या फळीवर सरकलेली असतात, आणि हाताशी येणाऱ्या दोन फळ्या प्रवेशपरीक्षांच्या तयारीच्या जाडजूड पुस्तकांनी व्यापलेल्या असतात. मासिकांच्या अभिप्रायाच्या सदरात या पुस्तकांस कोणी स्थान दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती केवळ साधने, त्यांस वाङ्मय कसे म्हणावे, असे उत्तर मिळेल. परंतु ज्या वयात वाचनाची सवय जडते किंवा कायमची मोडते नेमक्या त्याच वयात लाखो मुले जे गद्य हातात पेन्सिल घेऊन शब्दन् शब्द पारखून वाचतात, त्याची चिकित्सा करणे हे टीकाकाराचे काम नव्हे तर कोणाचे?

गणिताच्या व पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मी भाषेचा अध्यापक. तेव्हा भाषेच्या प्रश्नपत्रिकेत जो एक प्रकार मुख्य होऊन बसला आहे, म्हणजे एक उतारा, त्याखाली काही प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, तेवढ्याचेच परीक्षण येथे करावयाचे आहे. तो एक वाङ्मयप्रकार आहे असे मी समजतो. त्याला इतिहास आहे, त्याचे संकेत ठरलेले आहेत, त्याचे लेखक आहेत (त्यांत प्रस्तुत लेखकही एकदा होता, त्याची कबुली पुढे येईल) आणि मुख्य म्हणजे त्याने घडविलेला एक वाचक आहे. तो वाचक दरवर्षी पावसाळ्यात आमच्या वर्गात येऊन बसतो.

या प्रकाराचा जन्म वाचनाच्याच पोटी झाला, ही गोष्ट सहसा कोणास ठाऊक नसते. अमेरिकेत कॅन्सास संस्थानात फ्रेडरिक केली नावाचे एक शिक्षणशास्त्रज्ञ होते. शिक्षक गुण कसे देतात व त्यांत एकाच्या व दुसऱ्याच्या गुणांत किती तफावत पडते, हा त्यांच्या १९१४ सालच्या प्रबंधाचा विषय होता. त्याआधी दोनच वर्षे, १९१२ साली, स्टार्च व एलियट या दोघा संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका अनेक शाळांतील शिक्षकांकडे पाठवून पाहिली होती; एकाने जिला उत्तम ठरविले तीच दुसऱ्याने जेमतेम पास केली, आणि दोन टोकांत तीस-तीस गुणांचे अंतर पडले. केली यांस हा अन्याय वाटला, आणि तो अन्यायच होता. त्यावर उपाय म्हणून त्यांनी मुलांच्या मूकवाचनाची एक कसोटी तयार केली. तिच्यातील नमुन्याच्या प्रश्नात चार प्राण्यांची नावे दिली होती, गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा. आणि शेतावर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ ओढण्यास सांगितले होते. भोवती न ओढता नावाखाली रेघ ओढली तरी उत्तर चूक धरावयाचे, अशीही सूचना होती. उत्तर एकच आणि तेही एकाच रीतीने दिलेले, हा या प्रकाराचा धर्म त्या पहिल्याच प्रश्नात पुरता प्रगट झाला आहे. आणि त्यातील उंदीर पाहावा. वाघ आणि लांडगा यांस कोणी शेतावर बोलावणार नाही, पण उंदीर शेतावर असतो खरा. पुढे ज्यास चकव्याचा पर्याय म्हणू लागले त्याचा तो आदिपुरुष होय.

पुढील इतिहास थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यभरतीसाठी असे प्रश्न हजारो नव्हे, लाखो माणसांस घातले गेले. त्या कामात असलेल्या कार्ल ब्रिगहॅम यांनी महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट ही परीक्षा रचली, आणि ती १९२६ च्या २३ जूनला सुमारे आठ हजार मुलांनी दिली. १९२३ सालच्या एका पुस्तकात या ब्रिगहॅम यांनी सैन्यातील आकड्यांवरून मानववंशांची उच्चनीचता ठरविली होती. १९३० साली त्यांनी आपले ते निष्कर्ष स्वतःच मागे घेतले. असा प्रामाणिकपणा विरळा. परंतु माणसाने मत मागे घेतले तरी परीक्षा मागे गेली नाही. १९३८ साली आयबीएम कंपनीचे उत्तरे तपासणारे यंत्र आले, ते पेन्सिलीच्या शिशातून वाहणारा विद्युत्प्रवाह मोजून गुण देई. परीक्षकाने वाचण्याची गरज त्या दिवशी संपली. परीक्षार्थ्याने वाचण्याची गरज कितपत उरली, तो खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे हे सर्व बरेच उशिरा आले. प्रवेशपरीक्षा मात्र आपल्यास नवी नाही. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन १८५९ साली प्रथम झाली, ती नावाप्रमाणेच विद्यापीठात नाव दाखल करून घेण्याची परीक्षा होती. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर हे तिच्या पहिल्याच वर्षीच्या उत्तीर्णांपैकी. पुढे मॅट्रिक हा शिक्षणाचा आरंभ न राहता शेवट होऊन बसला आणि तिचा मूळ हेतू आपण विसरलो. त्या काळच्या निबंधवजा परीक्षांचे गोडवे गाण्याची आमच्या पेशात रीत आहे. मी गाणार नाही. संदर्भासहित स्पष्टीकरणाची उत्तरे मार्गदर्शकांतून पाठ करून लिहिली जात, परीक्षक ती दिवसाला पन्नास-साठ या वेगाने तपासत, आणि अक्षर वळणदार असेल तर विचाराचे वाकडेपण झाकून जाई. मी स्वतः असे गठ्ठे तपासले आहेत. दुपारच्या जेवणानंतर तपासलेल्या उत्तरपत्रिकांस सकाळच्याइतकाच न्याय मिळाला असेल असे शपथेवर सांगता येणार नाही.

तेव्हा संख्या आणि समता या दोन गोष्टींनी ही नवी पद्धत आणली, हे मान्य केले पाहिजे. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट या परीक्षेस आता वीस लाखांवर विद्यार्थी बसतात. त्यांचे निबंध कोण वाचणार? आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेतील लेखी स्वरूपाची उत्तरे २००६ पासून गेली. कला शाखेची मुले यापासून पुष्कळ काळ दूर होती. परंतु निरनिराळ्या मंडळांचे गुण इतके फुगले की २०२१ साली दिल्ली विद्यापीठातील काही महाविद्यालयांत काही विषयांसाठी शंभरांपैकी शंभर गुणांची अट लागली, आणि ९९ टक्केवाला मुलगा दाराबाहेर राहिला. पुढल्याच वर्षी, २०२२ साली, केंद्रीय विद्यापीठांसाठी क्यूएट ही सामायिक परीक्षा सुरू झाली. ती मराठीसह तेरा भाषांत घेतली जाते. तिच्या भाषाविषयाच्या प्रश्नपत्रिकेत तीन प्रकारचे उतारे असतात, माहितीपर, निवेदनपर आणि वाङ्मयीन. हा तिसरा शब्द वाचला तेव्हा मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. ज्यास इतिहास किंवा साहित्य शिकावयाचे आहे त्याचीही वाट आता केली यांच्या गायीवरून जाणार होती.

या प्रकाराची घडण प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पुढील विवेचन कळणार नाही, म्हणून एक लहानसा उतारा मीच रचून देतो.

‘विहिरीवरचा रहाट काढून टाकला त्याला आता बारा वर्षे झाली. कळ दाबली की स्वयंपाकघरात पाणी येते. तरी पहाटे जाग आली की आजोबा विहिरीपाशी जातात, काठावर हात ठेवून क्षणभर उभे राहतात आणि परत येतात.’

याखाली प्रश्न: आजोबा विहिरीपाशी का जातात? पर्याय पहिला, त्यांना यंत्रांचा तिटकारा आहे म्हणून. दुसरा, त्यांना गेलेल्या दिवसांची ओढ वाटते म्हणून. तिसरा, विहिरीला पाणी किती आहे ते पाहण्यासाठी. चौथा, ती त्यांची सवय आहे म्हणून.

या चौघांच्या भूमिका नाटकातील पात्रांसारख्या ठरलेल्या असतात. एक पर्याय उताऱ्याबाहेर उडी मारणारा असतो. येथे यंत्रांचा तिटकारा. एक व्यवहारात संभवनीय पण उताऱ्यात आधार नसलेला. येथे पाणी पाहणे. एक अर्धे सत्य सांगणारा, हा खरा चकवा. आणि एक उत्तरसूचीत छापलेला. येथे उत्तरसूची दुसरा पर्याय सांगते. चौथा हा उंदीर होय.

आता आपल्या परंपरेत चूक मत मांडण्याची एक फार थोर रीत होती. शास्त्रकार पूर्वपक्ष मांडतो तेव्हा तो त्यास दुबळा करून मांडत नाही. प्रतिपक्षी स्वतः मांडील त्याहून बळकट करून मांडतो आणि मग त्याचे खंडन करतो. त्यामुळे वाचकाच्या पदरात दोन्ही पडते, मत आणि ते का टिकत नाही त्याचे कारण. चुकीचा पर्याय हा असा पूर्वपक्ष आहे की ज्यास कोणी पक्षकार नाही, ज्याचे खंडन कोठे छापलेले नाही, आणि जो केवळ कोणीतरी फसावे म्हणून जन्माला घातला आहे. किती परीक्षार्थी त्याला बळी पडले यावर त्याची गुणवत्ता ठरते. ज्या लेखनाचा अधिक भाग फसविण्यासाठी रचलेला असतो, ते दोन वर्षे रोज वाचल्यावर वाचकाच्या मनाची काय ठेवण बनेल? तो प्रत्येक वाक्याकडे संशयाने पाहू लागतो. हा संशय चिकित्सकाचा असता तर मी आनंदाने त्याचे स्वागत केले असते. परंतु तो जकातनाक्यावरच्या शिपायाचा संशय आहे. गाडीत काय माल आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, चोरीचा आहे की नाही एवढेच पाहावयाचे असते.

तयारीची पुस्तके व शिकवणी वर्ग यांनी या वाचनाचे एक अलंकारशास्त्रच बनविले आहे. त्यातील पहिले सूत्र असे की प्रश्न आधी वाचावा, उतारा मागाहून. दुसरे, ‘सर्व’, ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ असे टोकाचे शब्द ज्या पर्यायात असतील तो बहुधा सोडावा. तिसरे, दोन पर्याय परस्परविरुद्ध असतील तर उत्तर त्या दोहोंत शोधावे. चौथे, दोन पर्याय एकच गोष्ट निराळ्या शब्दांत सांगत असतील तर दोन्ही टाकावेत. ही सूत्रे खोटी आहेत असे नाही. दुःख हे की ती खरी आहेत. माझ्या भाच्याने असा वर्ग सहा महिने केला होता. एका रविवारी मी सरावपरीक्षेतील उताऱ्यावर वर्तमानपत्र ठेवून त्याला नुसते दहा प्रश्न व त्यांचे पर्याय वाचावयास दिले. सात उत्तरे बरोबर आली. ‘मामा, उताऱ्यात वेळ जातो,’ तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. शिंप्याने कापडाविषयी सांगावे तितक्या सहजतेने त्याने आपल्या धंद्यातील एक गोष्ट मला सांगितली.

माझा हा घरगुती प्रयोग कोणी मोडीत काढू नये म्हणून सांगतो की अमेरिकेत स्टुअर्ट कॅट्झ व त्यांचे सहकारी यांनी असाच प्रयोग रीतसर करून १९९० साली प्रसिद्ध केला. सॅटमधील वाचनाचे प्रश्न त्यांनी विद्यार्थ्यांस उताऱ्यावाचून सोडविण्यास दिले. नुसत्या अंदाजाने जितकी उत्तरे बरोबर यावयास हवी होती त्यांहून पुष्कळच अधिक बरोबर आली. वाचनाची परीक्षा न वाचता देता येते, हे यावरून सिद्ध होते.

त्यात आणखी हिशेबाची भर. क्यूएटमध्ये २०२५ च्या रचनेनुसार प्रत्येक विषयाचे पन्नास प्रश्न साठ मिनिटांत सोडवावयाचे असतात. बरोबर उत्तरास ५ गुण, चुकीस १ गुण वजा. डोळे मिटून चार प्रश्नांस उत्तरे ठोकली तर सरासरीने एक बरोबर येईल व तीन चुकतील, म्हणजे पाचातून तीन गेले, दोन गुण पदरात. दोन पर्याय सूत्रांच्या बळावर कापता आले तर दर प्रश्नास सरासरी दोन गुण. सॅटमध्ये पूर्वी पाच पर्याय असत व चुकीस पाव गुण वजा होई, म्हणजे आंधळ्या अंदाजाची किंमत शून्य ठरे. २०१६ साली तीही वजावट काढून टाकली. सतरा वर्षांची मुले हा हिशेब तोंडपाठ म्हणून दाखवितात. एका उताऱ्याविषयी ‘मला ठाऊक नाही’ किंवा ‘मला दोन अर्थ दिसतात’ असे म्हणणे तोट्याचे असते, हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले कळते.

माझा मूळ आक्षेप मात्र याहून आतला आहे. आपल्या साहित्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या, अभिधा, लक्षणा व व्यंजना. आणि नवव्या शतकात आनंदवर्धनाने असे प्रतिपादिले की काव्याचा आत्मा तिसरीत आहे. बोलून न दाखविलेला अर्थ सहृदयाच्या मनात उमटतो. सहृदय बदलला, प्रसंग बदलला, सांगणारा बदलला की त्याच वाक्यातून निराळा अर्थ ध्वनित होतो. ‘सूर्य मावळला’ हे वाक्य चोराला एक सांगते आणि अभिसारिकेला दुसरे, हा दृष्टान्त आमच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आता कल्पना करावी की याखाली चार पर्याय दिले आहेत आणि उत्तरसूचीत ‘अभिसारिका’ हेच बरोबर धरले आहे. चोराचा एक गुण वजा!

वाच्यार्थाची परीक्षा या पद्धतीने उत्तम घेता येते, यांत मला शंका नाही. शब्दाचा अर्थ, वाक्यातील व्याकरण, दिलेल्या माहितीवरून निघणारे तर्कशुद्ध अनुमान, यांस एकच उत्तर असते आणि ते यंत्राने तपासावे. माहितीपर उताऱ्याचे मी समर्थनच करीन. खेड्यातील मुलाला तेथे शहरातील मुलाइतकीच संधी मिळते, निदान वर्गाची फी सोडली तर. माझी तक्रार वाङ्मयीन उताऱ्याविषयी आहे. व्यंजनेवर प्रश्न विचारावयाचा आणि उत्तर अभिधेसारखे एकच ठेवावयाचे, हा या प्रकारातील मूळचाच विसंवाद आहे. तो चांगल्या प्रश्नकर्त्याने सुधारणारा नाही, वाईट प्रश्नकर्त्याने फक्त उघडा पडणारा आहे.

सारा होलब्रुक या अमेरिकन कवयित्रीने २०१७ साली लिहून प्रसिद्ध केले की टेक्सास संस्थानातील शालेय परीक्षांत तिच्याच कवितांवर घातलेल्या प्रश्नांची उत्तरे तिला स्वतःला देता आली नाहीत. (त्या प्रवेशपरीक्षा नव्हत्या, खालच्या इयत्तांच्या होत्या, पण घाट हाच.) कवितेची दोन कडवी कवीने का पाडली, असा एक प्रश्न होता. तिचे उत्तर साधे होते: लोकांपुढे म्हणताना त्या जागी थांबावे म्हणून. दिलेल्या चार पर्यायांत ते नव्हते. कवीचा हेतू हाच कवितेचा अर्थ, असे मी मानत नाही. या बाबतीत कवीस परीक्षकापुढे झुकते माप देण्याचे कारण नाही. परंतु प्रश्न कवीच्या हेतूविषयीच असेल, तर त्या माउलीस निदान साक्षीदार म्हणून तरी बोलवावयास हवे होते.

दुसरी एक गोष्ट उताऱ्याच्या लांबीची. पुण्यामुंबईची पुष्कळ मुले अमेरिकेतील शिक्षणासाठी सॅट देतात, त्यांच्या पालकांस हे ठाऊक असेल. त्या परीक्षेत पूर्वी पाचशे-सातशे शब्दांचे उतारे असत व एका उताऱ्यावर दहा-अकरा प्रश्न. परीक्षा संगणकावर आल्यापासून, म्हणजे अमेरिकेबाहेर २०२३ व तेथे २०२४ पासून, उतारा २५ ते १५० शब्दांचा झाला आणि त्यावर एकच प्रश्न. कादंबरीतील एखादे लांबलचक वाक्यही जेथे मावणार नाही तेथे कादंबरीचा उतारा बसवावयाचा. मुलांस दीर्घ वाचन झेपत नाही म्हणून उतारा आखूड केला, असे त्याचे समर्थन कोणी करील. मुलांस चढ झेपत नाही म्हणून डोंगर उतरवून घेण्यासारखेच ते आहे.

आता कबुली. काही वर्षांपूर्वी एका प्रवेशपरीक्षेच्या भाषाविषयाचे काही प्रश्न काढण्याचे काम माझ्याकडे आले. परीक्षा कोणती व वर्ष कोणते हे सांगणे उचित होणार नाही. वर दिलेला विहिरीचा उतारा त्या वेळच्या एका उताऱ्याचे थोडेसे वेषांतर आहे. प्रश्न व पर्याय जवळजवळ तेच. मी तो खुशीत लिहिला होता. चौथा पर्याय सुचला तेव्हा तर चकवा साधल्याचे समाधान झाले, हे लपविण्यात अर्थ नाही.

अशा परीक्षांत तात्पुरती उत्तरसूची प्रसिद्ध झाल्यावर शुल्क भरून हरकत घेता येते. केंद्रीय परीक्षांत ते दर प्रश्नास २०० रुपये असते. माझ्या प्रश्नावर आलेल्या हरकती आमच्या तिघांच्या समितीपुढे ठेवल्या गेल्या. बहुतेक एकेका ओळीच्या होत्या. एक मात्र सात-आठ ओळींची होती. लिहिणाऱ्याचे नाव आम्हांस कळत नाही. मुलगा की मुलगी तेही नाही. तिचा आशय असा. आजोबांच्या मनात काय आहे ते उताऱ्यात कोठेही सांगितलेले नाही. ओढ आहे म्हणणे हा वाचकाचा तर्क, सवय आहे म्हणणे हाही तर्कच. परंतु ‘तरी’ या शब्दावरून एवढे निश्चित कळते की कारण संपले आणि क्रिया उरली. आणि कारण संपल्यावर उरलेल्या क्रियेस सवय असेच नाव आहे. त्यामुळे दोहोंपैकी एकच निवडावयाचा तर चौथा अधिक साधार आहे. शेवटी एक वाक्य होते, ते मला अजून आठवते: लेखकाने कारण मुद्दाम सांगितलेले नाही असे वाटते, सांगितले असते तर हे लिहिण्यात अर्थ राहिला नसता.

मी तीस वर्षे पदवीच्या वर्गांस समीक्षा शिकवितो. एका अव्यय शब्दावर बोट ठेवून उताऱ्याचा सांधा उलगडून दाखविणारे असे विवेचन त्या वर्षी माझ्या एकाही विद्यार्थ्याकडून आले नव्हते. माझ्या दोघा सहकाऱ्यांनी ते वाचले, एकाने ‘मुद्दा आहे’ असे म्हटले, आणि मग व्यवहार बोलू लागला. हरकत मान्य करावी तर दोन्ही उत्तरे बरोबर धरावी लागतील किंवा प्रश्नच रद्द करावा लागेल. हजारोंचे क्रम हलतील. दुसऱ्या पर्यायावाले वाद घालतील. ‘मूळ उत्तर कायम’ या शेऱ्याखाली आम्ही तिघांनी सह्या केल्या. माझी सही दुसरी होती. त्या परीक्षार्थ्याचे बरोबर उत्तराचे गुण गेले, वर चुकीची वजावट झाली, आणि शुल्कही गेले. अशा परीक्षांत एवढ्या गुणांत शेकडो क्रमांक खाली जाता येते. तो कोठल्या महाविद्यालयात गेला, साहित्याकडे वळला की त्याने पुन्हा त्या वाटेला जाणार नाही असे ठरविले, मला कळण्याचा मार्ग नाही. त्यानंतर मी असे काम घेतलेले नाही. पण याचे मी भूषण मानत नाही, कारण घ्यावयास दुसरे पुष्कळ तयार असतात आणि त्यांतील काही माझेच विद्यार्थी आहेत.

यावर मला विचारण्यात येईल की मग पर्याय काय? (हा शब्द टाळावा म्हटले तरी येतोच.) माझे म्हणणे फार मोठे नाही. प्रवेशपरीक्षेतून वाङ्मयीन उतारा काढून टाकावा. भाषा येते की नाही एवढे यंत्राने पाहावे आणि रसिकतेच्या दारात जाऊ नये. कविता व कथा परीक्षेत आल्याने मुले त्या वाचतील, ही आशा फोल ठरली आहे. मुले उतारे वाचतात, आणि ज्या पुस्तकातून उतारा घेतला त्याचे नावही विचारीत नाहीत. पालकांपैकी कोणी मला विचारतात की मुलाचे वाचन सुधारण्यासाठी उताऱ्यांचे कोणते पुस्तक घ्यावे. मी त्यांना त्यांच्याच कपाटाची वरची फळी दाखवितो. पुष्कळांना तो विनोद वाटतो, आणि जाताना ते कोपऱ्यावरच्या दुकानातून सरावसंच घेऊन जातात. त्यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. परीक्षा एप्रिल-मेमध्ये असते आणि कादंबरीचे फळ कोणत्या वर्षी मिळेल ते सांगता येत नाही.

या वर्षी प्रथम वर्षाच्या पहिल्या तासाला मी विहिरीचा उतारा फळ्यावर लिहिला आणि याविषयी काय वाटते ते सांगा, एवढेच म्हटले. साठ-पासष्ट मुले होती. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एकाने विचारले, ‘सर, पर्याय खाली लिहिणार आहात ना?’ पर्याय नाहीत असे मी सांगितले तेव्हा वर्गात जी चुळबुळ झाली तीत हसण्यापेक्षा भीती अधिक होती. पुढे यवतमाळकडची एक मुलगी उठली आणि म्हणाली की तिच्या आजीच्या घरी जाते बंद झाले तरी आजी त्याच जागी बसून तांदूळ निवडते. का, ते आजीला विचारले तर ती रागावते. त्यावर दुसरा एक म्हणाला, रागावते म्हणजे तिला कारण ठाऊक आहे. तिसरा म्हणाला, ठाऊक नाही म्हणूनच रागावते. घंटा झाली तेव्हा दोन्ही बाजूंस आठ-दहा जण झाले होते. पुढच्या गुरुवारी तोच उतारा पुन्हा घ्यावयाचा ठरले आहे.